बघूसाहेब आणि मनगटावरचं ऑफिस

औषधांची खोकी छापणाऱ्या त्या कारखान्यात तीन मोठी मशीनं होती, शंभरावर माणसं होती, आणि या सगळ्यांच्या डोक्यावर बघूसाहेब होते. म्हणजे मालकही होते. पण मालक वरच्या मजल्यावर बसायचे आणि खालून मशीनचा आवाज येतोय एवढं कळलं की त्यांचं समाधान व्हायचं. खरी सत्ता खाली, काचेच्या केबिनमध्ये. खोक्याचा नमुना छापून झाला की तो बघूसाहेबांच्या टेबलावर जायचा. साहेब भिंग डोळ्याला लावायचे. नमुना खिडकीपाशी नेऊन उजेडात धरायचे, मग ट्यूबलाइटखाली धरायचे, मग हातभर लांब धरून मान तिरकी करायचे, आणि शेवटी तो टेबलावर ठेवून म्हणायचे, "बघू."

त्यांनी होकार दिल्याशिवाय मशीन फिरवायचं नाही असा नियम होता. त्यामुळे मशीन थांबायचं. मशीनवाला स्टुलावर बसून चहा मागवायचा, शाईवाला कालवलेल्या शाईच्या डब्याला पुन्हा झाकण लावायचा. एका मलमाच्या खोक्यावरचा निळा रंग तर अकरा दिवस साहेबांच्या टेबलावर पडून होता. चौदा वेगवेगळे निळे छापून झाले होते. शाईवाल्याला स्वप्नंसुद्धा निळी पडायला लागली होती, असं तो म्हणायचा.

हे सगळं आळसातून होत होतं असं कुणी समजू नये. आळशी माणूस एवढे कष्ट घेत नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी साहेबांनी एका लाल रंगाला बेधडक "हो" म्हटलं होतं. तो लाल नारिंगी निघाला, ट्रकभर खोकी परत आली, आणि तेव्हाच्या साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांची अशी काही बिनपाण्याने केली की त्यानंतर सत्तावीस वर्षं "हो" हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. "नाही"ही म्हणायचे नाहीत, कारण नाही म्हटलं की समोरचा कारण विचारतो. हाताखालच्यांना ते कधी कधी, चहा चांगला झाला असेल तर, आपलं तत्त्वज्ञान ऐकवायचे. "हो म्हणणारा अडकतो, नाही म्हणणारा वाईट होतो, आणि बघू म्हणणारा सुखाने निवृत्त होतो."

घरातही हाच कारभार. लग्नानंतर बायकोने पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे असं विचारलं, तेव्हा साहेब कापडाचे तुकडे घेऊन खिडकीपाशी गेले होते. दोन महिने शेजारपाजारच्यांना घरातलं सगळं दिसत राहिलं. तेव्हापासून बायको विचारायची, "बघू" हे उत्तर ऐकून घ्यायची आणि आपल्याला हवं ते करून मोकळी व्हायची. साहेबांची मात्र अशी पक्की समजूत होती की घरातलं पानही आपल्याला विचारल्याशिवाय हलत नाही.

आता त्यांची एकुलती एक मुलगी अडून बसली होती. अपघातात पाय गेलेल्यांसाठी कृत्रिम पाय बनवायचं शिक्षण देणारी एक संस्था होती, दहा तासांच्या बसप्रवासावर. तिथे तिची निवड झाली होती. दोन वर्षांचा अभ्यासक्रम. येतो की नाही हे येत्या रविवारी संध्याकाळी सहाच्या आत कळवायचं होतं. तीन आठवडे ती रोज जेवताना विचारत होती. "बाबा, मी जाऊ का?"

साहेब रोज घास गिळून म्हणायचे, "बघू."

त्यांचा विरोध नव्हता हो. पोरीची अक्कल, तिचा हात, तिची जिद्द, सगळ्याचं त्यांना कौतुक होतं. तिने शाळेत असताना शेजाऱ्यांच्या लंगड्या कुत्र्याला पट्ट्यांचा पाय करून दिला होता, ही गोष्ट त्यांनी कारखान्यात प्रत्येकाला निदान तीनदा सांगितली होती. पण हिशोब साधा होता. हो म्हटलं की ती जाणार. नाही म्हटलं की ती रुसणार. बघू म्हटलं की ती निदान आजच्या दिवस समोर बसून जेवणार. बापाच्या पोटातली ही गोष्ट बापाने कुणाला सांगितली नव्हती, आणि सांगितली नव्हती हेच त्याचं चुकलं होतं.

याच सुमारास साहेबांची पाठ धरली आणि रक्तदाब वर गेला. डॉक्टरांनी त्यांना तपासलं. तपासताना साहेबांचा फोन सहा वेळा वाजला आणि सहाही वेळा त्यांनी तो उचलून "बघू" म्हटलं. डॉक्टरांनी कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं.

"हा फोन जिथे येत नाही अशी एखादी जागा आहे का तुमच्याकडे?"

"छे," साहेब अभिमानाने म्हणाले. "बाथरूममध्येही नेतो मी."

"मग पाण्यावर जा. गावाबाहेरच्या तळ्यावर कयाक शिकवतात. एका माणसाची लांबट होडी, दोन्हीकडे पातं असलेलं वल्हं. पाठीलाही चांगलं आणि डोक्यालाही. दर रविवारी एक तास. आणि फोन किनाऱ्यावर ठेवायचा."

साहेब घरी आले ते पार उतरलेल्या चेहऱ्याने. एक तास फोन नाही म्हणजे कारखाना कसा चालणार, असं ते बायकोला म्हणाले. खरी भीती वेगळी होती. आपण नसलो तर कारखाना बंद पडेल याची नव्हती. बंद पडला असता तर साहेबांना आनंदच झाला असता. आपण नसलो आणि तो चालूच राहिला तर काय, ही ती भीती.

मुलीने तोडगा काढला. तिने वडिलांना घड्याळ आणून दिलं. साधं नव्हे, स्मार्टवॉच. त्यात स्वतःचं सिम, फोन जवळ नसला तरी मेसेज मनगटावर येणार, मनगट थरथरणार, आणि बोट टेकवलं की तयार उत्तर जाणार. साहेबांनी ते हातात घेतलं, खिडकीपाशी नेलं, उजेडात धरलं. पण या खेपेला "बघू" म्हणाले नाहीत. थेट मनगटावर चढवलं. डॉक्टर फोनबद्दल बोलले होते, घड्याळाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नव्हता, हे साहेबांच्या बरोबर लक्षात होतं.

"हे बघा बाबा, मेसेज आला की खाली तीन उत्तरं दिसतात," मुलगी दाखवत होती. "हो, नाही, आणि नंतर बोलू."

"बघू कुठेय?"

"घालते ना. चौथं येईल, बोटाने वर सरकवलं की दिसेल. आणि हे बघा, हे थेंबाचं चित्र. पाण्यात उतरायच्या आधी हे दाबायचं. म्हणजे पडद्याला कुलूप लागतं."

"कुलूप कशाला?"

"पाणी लागलं की घड्याळाला वाटतं, बोटच लागलंय. मग आपोआप काहीही दाबलं जातं."

"आणि कुलूप लावल्यावर मी उत्तर कसं देणार?"

"देता नाही येणार. तासाभराचा तर प्रश्न आहे, बाबा."

साहेबांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू दुकानदाराने दरवाजाला टाळं ठोकून गल्ल्यावर बसावं असंच ती सुचवत होती. कुलूपच लावायचं तर मग घड्याळ घ्यायचंच कशाला? लोकांना आपण सापडलो पाहिजे म्हणून तर हा सगळा खटाटोप. त्यांनी मान डोलावली आणि थेंबाच्या चित्राकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी, असं बायको आतून म्हणाली. ती कशाबद्दल म्हणाली हे कुणी विचारलं नाही.

शनिवारी साहेबांनी कारखान्यातल्या प्रत्येक विभागात जाऊन घड्याळ दाखवलं. "उद्या दहा ते अकरा मी पाण्यात असेन," ते म्हणाले, "पण काळजी करू नका, मी उपलब्ध आहे. काहीही असलं तरी विचारा. लहानसहान असलं तरी विचारा." औषध कंपनीची घाई असल्यामुळे रविवारीही काम चालू राहणार होतं. मशीनवाल्याने शाईवाल्याकडे पाहिलं. "म्हणजे आता तळ्यातूनही बघूच," मशीनवाला म्हणाला. शाईवाला हसला नाही. निळ्या रंगाने त्याची हसायची ताकद शोषून घेतली होती.

रविवारी सकाळी बरोबर दहाला साहेब तळ्यावर हजर झाले. कपडे बदलायच्या खोलीत लाकडी बाकं होती, भिंतीला खुंट्या होत्या आणि ओल्या रबराचा वास होता. साहेबांनी केशरी रंगाचं लाइफ जॅकेट चढवलं, पट्टे आवळले. पोटामुळे मधला पट्टा लागेना, तो तसाच सोडला. शिकवणारी बाई त्यांच्या मुलीएवढीच असेल. तिने त्यांना कयाकमध्ये बसवलं, पाय कुठे टेकवायचे ते दाखवलं, वल्हं हातात दिलं.

"उजवं, डावं, उजवं, डावं. एवढंच आहे, काका. पाण्याशी भांडायचं नाही."

साहेबांनी उजवं मारलं. डाव्याची वेळ आली तेव्हा त्यांना आठवलं की घड्याळ डाव्या हातात आहे आणि डावं पातं पाण्यात गेलं की मनगट पाण्याला लागतं. मग घड्याळ भिजणार. म्हणून त्यांनी डावा हात खांद्याच्या वर उचलून धरला आणि एकट्या उजव्या हाताने वल्हं ओढायला सुरुवात केली. कयाक गोल फिरली. पुन्हा ओढलं, पुन्हा गोल. तळ्याच्या मधोमध साहेब हात वर करून घाण्याच्या बैलासारखे फिरत राहिले. काठावर चाललेल्या एका म्हाताऱ्याला वाटलं हा माणूस आपल्याला हात करतोय, म्हणून त्यानेही केला.

"काका, हात खाली घ्या की!" शिकवणारी आपल्या होडीतून ओरडली. "वर कशाला धरलाय?"

"ऑफिस आहे!" साहेब ओरडले.

तेवढ्यात मनगट थरथरलं. साहेबांनी हात डोळ्यांसमोर आणला, चष्म्यावर पाण्याचे थेंब, अक्षरं धूसर. वाचण्यासाठी ते जरा पुढे वाकले. कयाकमध्ये पुढे वाकताना कडेला वाकायचं नसतं, हे त्यांना सांगितलेलं होतं. पण सांगितलेलं सगळं ऐकायचं तर मग साहेब कशाला व्हायचं? होडी कलंडली. साहेब आधी तोंडाने, मग पोटाने, असे यथासांग पाण्यात गेले.

लाइफ जॅकेटने त्यांना बुचासारखं वर आणलं. मधला पट्टा सैल होता म्हणून जॅकेट कानापर्यंत चढलं आणि फक्त नाक-डोळे तेवढे दिसत राहिले. शिकवणारी आली, तिने त्यांना धरलं, होडी सरळ केली, आणि ते कसेबसे पुन्हा बसले. चष्मा दोरीला होता म्हणून वाचला. घड्याळ तर पाण्यातही चालणारंच होतं. ते ओलंचिंब होऊन झगमगत होतं, थरथरत होतं, पुन्हा थरथरत होतं.

"आता पुरे झालं," ती पोरगी म्हणाली. शाळेतल्या मुलाला रागवावं तसं म्हणाली. "आता दोन्ही हात वल्ह्यावर. समोरचं ते वाकडं झाड दिसतंय ना? तिथपर्यंत थांबायचं नाही."

साहेब चिंब भिजले होते, त्यांची इभ्रतही भिजली होती, आणि भिजलेल्या माणसाला आणखी भिजायची भीती राहत नाही. त्यांनी दोन्ही हातांनी वल्हं धरलं. उजवं, डावं. उजवं, डावं. मनगट थरथरत होतं, पण हात मोकळे कुठे होते? होडी सरळ चालली. सरळ! साहेबांना आधी खरंच वाटेना. पुढचं टोक पाणी कापत होतं, दोन्हीकडे हलकीशी घडी पडत होती, आणि वाकडं झाड सावकाश मोठं होत होतं. चाळीस मिनिटं त्यांनी कुणालाही काहीही सांगितलं नाही. पाठ दुखत नव्हती. कितीतरी वर्षांत वाटलं नव्हतं इतकं त्यांना बरं वाटलं, आणि त्याची थोडी लाजही वाटली.

त्या चाळीस मिनिटांत काय झालं ते त्यांना कपडे बदलायच्या खोलीत कळलं. टॉवेल गुंडाळून बाकावर बसल्यावर त्यांनी घड्याळ पुसलं. सव्वीस मेसेज आले होते. आणि सव्वीसांना उत्तरं गेली होती.

मशीनवाला: साहेब, मलमाचा निळा, सातवा नमुना, चालवू का? उत्तर: हो.

शाईवाला: साहेब, खरंच हो? उत्तर: हो.

भांडारवाला: कटिंग मशीनचं पातं बोथट झालंय, नवं लावायचं का? (हा प्रश्न गेल्या पावसाळ्यापासून भिजत पडला होता.) उत्तर: हो.

हिशोबनीस: माझ्या बहिणीच्या लग्नाची रजा, साहेब? उत्तर: नाही. लगेच दुसरा मेसेज: साहेब, सख्खी बहीण आहे. उत्तर: हो.

साहेबांच्या हाताखालचा मदतनीस: साहेब, एवढे सगळे हो आले म्हणून विचारतो, यापुढे नेहमीच्या रंगांना मीच मंजुरी देऊ का? उत्तर: हो.

मेहुणा: आम्ही चौघं आठ दिवस राहायला येऊ का? उत्तर: हो. हो. नंतर बोलू. हो.

साहेबांच्या अंगावर काटा आला. वारं नव्हतं, तरी आला. पाण्याचा एकेक थेंब बोट बनून मनगटावर नाचला होता, आणि वर दिसणारी तीन उत्तरं वाटेल तशी वाटत सुटला होता. चौथ्या उत्तरापर्यंत पोचायला वर सरकवावं लागतं. थेंबाला तेवढं राजकारण कुठलं कळायला! त्यांनी कपडे घालायच्या आधीच किनाऱ्यावर ठेवलेला फोन मागवून मशीनवाल्याला लावला.

"थांबव! मशीन थांबव! ते मी नव्हतो."

"कोण होतं मग, साहेब?"

साहेबांनी तोंड उघडलं. पाणी होतं, असं म्हणायचं होतं. वर्षानुवर्षं काचेच्या केबिनमध्ये बसलेल्या माणसाने हे वाक्य म्हणायचं कसं?

"दहा हजार खोकी निघालीसुद्धा, साहेब," मशीनवाला म्हणाला. त्याच्या मागे मशीनचा आवाज होता, आणि कुणीतरी चक्क शीळ वाजवत होतं. "औषध कंपनीचा माणूस इथेच उभा आहे. निळा एक नंबर म्हणतोय. शाईवाला रडतोय, पण आनंदाने. आणि साहेब, नवं पातं लागलंय, कडा कशा लोण्यासारख्या कापल्या जातायत. आज तुम्ही कमाल केलीत हो! मालक खाली आले होते, विचारत होते, एवढी कामं एकदम कशी काय सुटली."

"मग? काय सांगितलंस?"

"म्हटलं, साहेब तळ्यात आहेत."

साहेबांनी फोन ठेवला. बाकावर ओल्या टॉवेलमध्ये बसून त्यांनी उरलेली यादी खाली सरकवली, आणि सगळ्यात शेवटी मुलीचं नाव दिसलं.

दहा एकतीस. बाबा, आज शेवटचा दिवस. मी जाऊ का? उत्तर: नाही.

दहा बत्तीस. का पण? उत्तर: हो.

दहा बत्तीस. का नाही म्हणताय ते तरी सांगा! उत्तर: नंतर बोलू.

दहा चाळीस. बाबा, शेवटचं विचारते. जाऊ? उत्तर: हो.

त्याखाली तिचा एकच शब्द होता. थँक्यू.

घरी जाताना बसमध्ये साहेब खिडकीपाशी बसले आणि केसांतून मानेवर पाणी ओघळत राहिलं. खोक्यांचं काय, खोकी छापून झाली होती आणि चांगली झाली होती. मेहुण्याचं काय, तो तसाही आलाच असता. पण पोरीला खरं सांगायचं की नाही? सांगितलं तर तिचं मन मोडणार, आणि न सांगितलं तर आयुष्यातला आपला सगळ्यात मोठा होकार तळ्याच्या नावावर जमा होणार. आपल्या मुलीला आपण जा म्हटलं नाही. एका थेंबाने म्हटलं. हा विचार त्यांना इतका झोंबला की उतरायचा थांबा मागे पडला आणि त्यांना दोन थांबे उलट चालत यावं लागलं.

घरात मुलीच्या खोलीचं दार उघडं होतं. पलंगावर मोठी बॅग उघडी पडली होती. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती, मुलगी आपली हत्यारं, कानशी, पकडी आणि चामड्याचे तुकडे, जुन्या टॉवेलात गुंडाळत होती. साहेब दारात उभे राहिले. वल्ह्याने हाताला फोड आला होता, तो अंगठ्याने दाबत राहिले.

"एक सांगायचंय," ते म्हणाले. "ते मेसेज. ते मी पाठवले नव्हते. ते पाणी होतं."

मुलीने मान वर केली. रागावेल असं त्यांना वाटलं होतं. ती हसत होती.

"माहितीये, बाबा. 'का' असं विचारल्यावर 'हो' आलं तेव्हाच कळलं. कुलूप लावलं नव्हतंत ना?"

"मग तू परत का विचारलंस?"

"गंमत वाटली. तुम्हाला विचारलं की काहीच येत नाही. निदान इथे काहीतरी येत होतं. म्हटलं, 'हो' येईपर्यंत विचारू."

साहेबांना हसावं की रडावं कळेना. ते दारातून आत आले आणि पलंगाच्या कडेवर, बॅगेच्या बाजूला बसले. "म्हणजे तू कळवलंस? संस्थेला?"

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. मुलगी पुन्हा हत्यारं गुंडाळायला लागली. बोलली ती बायको.

"अहो, तिने शुक्रवारीच कळवलं. पैसे भरून झाले, खोलीचं झालं, बुधवारच्या गाडीचं झालं, सगळं झालं."

"शुक्रवारी?"

"मग काय, कोंबडं आरवलं नाही म्हणून उजाडायचं राहतं का? मीच तिला म्हटलं, बाबांना विचारत मात्र राहा शेवटपर्यंत. नाहीतर त्यांना वाईट वाटेल."

हे ती प्रेमाने म्हणाली. हेच तर वाईट होतं. टोमणा मारला असता तर साहेबांना परतवता आला असता. त्यांना तीन आठवड्यांची जेवणं आठवली. रोज समोर बसून पोर विचारत होती, आणि शेवटचे दोन दिवस ती फक्त त्यांचं मन राखायला विचारत होती. पडद्यांसारखंच. बहुतेक सगळं घर पडद्यांसारखंच चाललं होतं, आणि आपण खिडकीपाशी कापडाचा तुकडा धरून उभे होतो.  

"मी येतो सोडायला," ते म्हणाले. "बुधवारी ना? मी येतो."

मुलीने हातातली कानस टॉवेलात ठेवली. "तिकिटं दोनच काढलीत, बाबा. आईचं आणि माझं." मग फार हळू, त्यांना लागू नये अशा बेताने, ती म्हणाली, "तुम्हाला विचारत बसलो असतो तर गाडी भरून गेली असती."

साहेब उठले. पायात चपला सरकवल्या आणि कुठे चाललात असं बायको विचारेपर्यंत जिना उतरून रस्त्याला लागलेही होते. बस स्टँडवर रांग होती. ते रांगेत उभे राहिले, ओल्या केसांनी, मागच्यापुढच्यांचे धक्के खात. पाऊण तासाने खिडकी आली, तेव्हा त्यांनी बायको-मुलीची तिकिटं कोणत्या गाडीची आहेत ते सांगितलं. आतल्या बाईने बुधवारची गाडी काढली, पडद्यावर बोट फिरवलं आणि म्हणाली, "एकच जागा आहे. अगदी शेवटची, मधली. पाठ टेकायला जागा नाही, धक्के फार बसतात. आणि बाकीच्या दोघी पुढे तिसऱ्या रांगेत आहेत, म्हणजे तुम्ही एकटेच मागे. चालेल का?"

डॉक्टर पाठीला जपायला म्हणाले होते. बुधवारी कारखान्यात मोठा माल निघायचा होता. साहेबांनी सवयीने मान जराशी तिरकी केली, हातभर लांबून जागांचा नकाशा पाहिला. मागचा माणूस चुळबुळला.

"हो," साहेब म्हणाले. आवाज इतका बारीक आला की बाईला ऐकू गेला नाही. तिने पुन्हा विचारलं, आणि त्यांनी पुन्हा सांगितलं.